इतिवृत्तात नसलेलं

पहिल्या सभेला गेले ती फुकटच्या सँडविचसाठी.
काकडीची, कडा वाळलेली, ट्रेभर उरलेली.
खोलीत माणसं चार, खुर्च्या चाळीस.
हेलेदनं विचारलं, "अक्षर बरं आहे का तुझं?"
तोंडात घास होता, मान हलली
आणि मी वर्षभराची कार्यवाह झाले.

निवडणुकीत हेलेदसमोर कुणीच नव्हतं.
मतपत्रिकेवर फक्त एक ओळ होती:
'ही नको, पुन्हा अर्ज मागवा.'
त्या ओळीला एकतीस मतं पडली, हेलेदला चाळीस.
"नऊ मतांनी मी कुणीच-नाहीला हरवलं,"
बंदरावरच्या बारमध्ये ती ग्लासकडे बघत म्हणाली.
"फार चिवट उमेदवार.
त्याला प्रचारसुद्धा लागत नाही."

मी लिहीत गेले.
उपस्थित सहा. दिलगिरी अकरा.
विषय एक, मागील इतिवृत्त कायम करणे.
विषय दोन, ग्रंथालयाचा हीटर, जो फक्त मे महिन्यात चालतो.
विषय तीन, व्याख्यानांच्या चित्रफितींखाली अक्षरं हवीत;
इदवालला कमी ऐकू येतं
आणि प्राध्यापक फळ्याशी बोलतात.
विषय चार, मारेदचा दिवा.

मारेद समितीवर नव्हती.
रात्री दीडपर्यंत चिप्सच्या दुकानात मासे तळायची,
मग टेकडीच्या एकशे अठरा पायऱ्या चढून वसतिगृहात.
मधल्या वळणावरचा दिवा गेलेला.
एकदाच आली, केसांना तेलाचा वास,
कोट न काढता दाराशीच उभी.
"तक्रार नाही कुणाची," म्हणाली,
"फक्त त्या वळणावर मी मोठ्यानं गाणं म्हणते
आणि मला गाता येत नाही."

मी लिहिलं: पायऱ्यांवरील प्रकाशव्यवस्थेबाबत
चिंता व्यक्त करण्यात आली.

पायऱ्या कुणाच्या, यात नोव्हेंबर गेला.
वरच्या साठ विद्यापीठाच्या, खालच्या नगरपालिकेच्या,
वळण कुणाच्याच नकाशात नाही.
घोंगडं भिजत पडलं;
आणि आमच्या वेल्समध्ये, जिथे माणसांहून मेंढ्या जास्त,
भिजलेलं घोंगडं वाळत नाही.

हेलेद दर मंगळवारी इमारत विभागात जाऊन बसायची.
प्रॉसरसाहेबांच्या कुत्र्याचं नाव, त्याच्या गुडघ्याचं दुखणं,
सगळं तिला पाठ झालं.
दिवा सोडून सगळं.

मग डिसेंबरची सभा तिनं वळणावर लावली.
रात्री दीड वाजता.
मला वाटलं, पुन्हा अकरा दिलगिऱ्या.
पण पायऱ्यांवर बूट वाजत राहिले,
मोजता आले नाहीत, वीस तरी असतील,
खाली समुद्र, दिसत नव्हता, नुसता आपटत होता.
प्रॉसरसाहेब आले, कुत्र्यासकट,
एका पायरीवर ठेचकाळले, शिवी दिली,
ती कुणी नोंदवून घ्या म्हणालं, सगळे हसले.
खालून मारेदचं बेसूर गाणं वर येत होतं.
आम्ही इतके असू हे तिला ठाऊक नव्हतं.
वळणावर ती गप्प झाली.
कुणीतरी अंधारातून पुढची ओळ धरली,
तिच्याहूनही वाईट.

अंधारात मला लिहिता येत नव्हतं.
त्या रात्रीचं पान कोरं आहे.

दिवा एप्रिलमध्ये लागला.
मारेद फेब्रुवारीतच घरी गेली होती,
आई पडली, मेंढ्या व्यायच्या होत्या, असं दुकानात कळलं.
इतिवृत्तात असल्या गोष्टींना रकाना नसतो.
मी लिहिलं: विषय चार, निकाली.
हेलेद म्हणाली, "खोड ते."
खोडलं.

परवा रात्री वर चढत होते.
पहिल्या वर्षाचा एक मुलगा समोरून आला,
कानात हेडफोन, हातात चिप्स,
दिव्याखालून गेला, वर बघितलंसुद्धा नाही.
राग यायला हवा होता.
अर्ज भरायची मुदत शुक्रवारपर्यंत, मी त्याला ओरडून सांगितलं.
त्याला ऐकू गेलं नाही.
चिप्सचा वास वळणावर बराच वेळ राहिला.